अनुभव धागा : ‘सांजुरो’ – ‘योजिंबो’चा पुढचा भाग तुम्हाला कसा वाटला?

उंबरठा (पुणे)
‘योजिंबो’ हा सिनेमा आवडला नाही असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. ‘सांजुरो’चं नाव काढलं की मात्र दोन तट पडतात. काहींना तो पहिल्यापेक्षा सरस वाटतो, काहींचं मत “बरा आहे, गंमतीशीर आहे” एवढ्यावर संपतं.

अकिरा कुरोसावाचा ‘योजिंबो’ एप्रिल १९६१ मध्ये आला आणि इतका चालला की तोहो कंपनीला लगेच पुढचा भाग हवा झाला. १ जानेवारी १९६२ला ‘सांजुरो’ जपानमध्ये लागलासुद्धा. नायक तोच, तोशिरो मिफुनेचा बिनमालकाचा, अंग खाजवत फिरणारा सामुराई सांजुरो. समोर नटही तोच, तात्सुया नाकादाई, फक्त भूमिका वेगळी. पहिल्यात पिस्तूल मिरवणारा उनोसुके, इथे खलनायकांचा तलवारबाज मुरोतो.

कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात, काय डोक्यात राहिलं ते लिहा. परीक्षण नको. शेवट फोडला तरी चालेल, साठ वर्षं उलटून गेली, आता काय लपवायचं!

पाचवी रांग (मुंबई)
आमच्या फिल्म सोसायटीत दोन्ही पाठोपाठ दाखवले होते. ‘योजिंबो’तला वारा, धूळ, तोंडात माणसाचा हात धरून जाणारं कुत्रं, हे सगळं बघून लोक चहाला बाहेर पडले आणि परत येऊन पुन्हा तसंच काहीतरी बघायच्या तयारीत बसले. सुरुवात कशी होते? रात्री एका देवळात नऊ पोरगेलेसे सामुराई गंभीर खलबत करताहेत. कारभारी असलेला काका भ्रष्ट, अधीक्षक सज्जन, असं त्यांचं ठरलेलं. मागच्या खोलीतून मिफुने जांभई देत बाहेर येतो आणि सांगतो की तुमचा हिशोब उलटा आहे, काका सज्जन आणि अधीक्षक चोर. त्यानं दोघांनाही पाहिलेलं नाही! हॉल जो हसायला लागला तो अधूनमधून हसतच राहिला.

मला तिथेच वाटलं की या माणसानं पुढचा भाग काढताना पहिल्याची नक्कल करायची नाही असं ठरवलेलं दिसतंय. गावाची जागा प्रशस्त वाड्यांनी घेतली, दोन टोळ्यांऐवजी कचेरीतलं राजकारण आलं. आणि त्या काकू! कारभाऱ्याची बायको. ताकाको इरिएनं काय काम केलंय. अधीक्षकाच्या माणसांनी त्यांना कोंडलेलं, सुटका करायला आलेल्यांची घाई चाललीय, आणि बाईंना भिंतीवर चढायला जमत नाही म्हणून मिफुनेला ओणवं होऊन पाठीची पायरी करावी लागते.

गदका (कोल्हापूर)
मी लहानपणापासून मर्दानी खेळ खेळतो, आता पोरांना शिकवतो. त्यामुळे तलवारीचा सिनेमा मी वेगळ्या डोळ्यानं बघतो, आणि बहुतेक वेळा वैतागतो. हात कुठे, पाय कुठे, नजर तिसरीकडेच, असलं बघवत नाही.

‘सांजुरो’त पहिल्यांदा काय दिसलं सांगतो. देवळाला वेढा पडतो तेव्हा हा गडी तलवार म्यानातच ठेवून लोकांना झोडपतो. आमचे वस्ताद म्हणायचे की पातं दिसायच्या आधी माणूस दिसला पाहिजे. तो इथे दिसतो. पाय जमिनीत रुतल्यासारखे, कमरेतून वळणं, आणि एका वारानंतर दुसऱ्या वाराची जागा आधीच धरलेली. या चित्रपटांतल्या लढती र्यू कुझे यांनी बसवल्या. लढत चालू असताना कॅमेरा मागे उभा राहतो आणि सगळं अंग दिसू देतो, हे मला त्यांच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता शेवट. सांजुरो आणि मुरोतो समोरासमोर, इतके जवळ की पवित्रा घ्यायलाही जागा नाही. कितीतरी वेळ कोणीच हलत नाही. मग एका झटक्यात सगळं संपतं. मी ती जागा पुन्हा पुन्हा हळू करून बघितली. मुरोतो नेहमीच्या रीतीनं उजव्या हातानं तलवार उपसून वर नेतो. ते बरोबरच आहे, पण एवढ्या जवळून त्याला वेळ लागतो. सांजुरो डाव्या हातानं उलटी उपसतो आणि उजवी मूठ पात्याच्या पाठीवर लावून तसाच वर रेटतो. पूर्ण वार नाहीच, अर्ध्या हालचालीत काम. दांडपट्ट्यात असं करता येत नाही, कारण मूठ कोपरापर्यंत अडकलेली असते, पण अंतर कमी झालं की लांब वार मरतो हा नियम आपल्याकडेही तोच. पोरांना दाखवलं तर त्यांनी आधी रक्ताचा फवाराच बघितला. दुसऱ्यांदा हात बघा म्हणालो, तेव्हा कुठे तालमीत शांतता झाली.

रोखठोक (नाशिक)
मी दुसऱ्या तटातला, त्यामुळे आधीच माफ करा. मला ‘सांजुरो’ म्हणजे सुट्टीवर गेलेला ‘योजिंबो’ वाटतो. पहिल्यात गावच सडलेलं होतं, कोणाची बाजू घ्यावी असं कोणी नव्हतंच. इथे सगळी पोरं गोड, काकू गोड, आणि खलनायक म्हणून बसलेले तिघे म्हातारे अधिकारी इतके भित्रे की त्यांची कीव येते. त्यातला एक ताकाशी शिमुरा, कुरोसावाचा नेहमीचा मोठा नट! त्या माणसाला एवढंसं काम द्यायचं?

आणि तो फवारा. सगळे ‘वा’ करतात. एवढ्या हसऱ्या सिनेमाच्या शेवटी एकदम एवढं रक्त, मला ते जोडकाम वाटलं.

कात्सुओ (योकोहामा)
रोखठोक, मला ते जोडकाम वाटत नाही. कामानिमित्त इथे राहते, जपानी मैत्रिणीच्या घरी तिच्या आईबरोबर हा सिनेमा पाहिला. आईंना संवाद पाठ होते. काकू सांजुरोला सांगतात की तुम्ही म्यान नसलेल्या तलवारीसारखे आहात, कापता छान, पण खरी चांगली तलवार म्यानातच असते. तेव्हा तो ओशाळतो. मधे पोरांच्या मूर्खपणामुळे त्याला एका वाड्यातले सगळे पहारेकरी कापावे लागतात, आणि त्यानंतर तो त्याच पोरांना फाडफाड थोबाडतो, की तुमच्यामुळे मला नाहक माणसं मारावी लागली. म्हणजे हिशोब आधीपासून चालू आहे. शेवटी मुरोतो पडल्यावर एक पोरगा “वाहवा!” म्हणतो आणि सांजुरो त्याच्यावर “मूर्ख!” म्हणून ओरडतो. हा माणूस अगदी माझ्यासारखा होता, म्हणतो. आपण थिएटरात बसून जी दाद देणार होतो तीच तो पोरगा देतो, आणि शिवी आपल्यालाच बसते. एवढं रक्त नसतं तर ती बसली असती का?

मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र वेगळी. सुटकेनंतर काकू आणि त्यांची लेक गवताच्या कोठीत लपतात. बाहेर जिवावरचा प्रसंग, आणि या दोघी गवतावर आडव्या होऊन त्याचा वास किती छान आहे यावर बोलतात. मैत्रिणीची आई तिथे थांबवून म्हणाली, “घरात अशी एक बाई लागतेच.”

उंबरठा (पुणे)
फवाऱ्याबद्दल थोडी भर. नाकादाईच्या कपड्यांखाली नळी बसवली होती. दाब इतका जास्त सुटला की तो जवळजवळ उचलला गेला, आणि तोच टेक ठेवला. पुढे जपानी तलवारपटांत रक्ताची कारंजी उडायला लागली त्यामागे या दृश्याचं यश आहे. ज्या सिनेमात “म्यानात ठेवा” सांगितलं त्याचीच अशी पिलावळ निघाली, याला काय म्हणावं!

कपाटातला (सोलापूर)
माझं नाव वाचून कळलंच असेल. पकडून आणलेला तो शत्रूपक्षाचा माणूस, ज्याला कपाटात ठेवलेला असतो. अधूनमधून दार सरकवून बाहेर येतो, आपलं मत देतो आणि मुकाट परत आत जातो. पोरांना विजयाची बातमी कळते तेव्हा शेजारच्या वाड्यात ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज न करता नाचतात, हाही त्यात सामील होतो, मग आपण कैदी आहोत हे आठवून ओशाळतो आणि कपाटात. मासारु सातोचं संगीत तिथे चक्क जॅझच्या अंगानं जातं. केजू कोबायाशीनं हे काम केलंय. आमच्या घरी आता जेवताना मधेच बोलून उठून जाणाऱ्याला “कपाटात जा” म्हणतात.

पटकथा-पंखा (ठाणे)
रोखठोकना सिनेमाचा सूर वेगळा वाटतो त्याला कारण आहे. गोष्ट मुळात या नायकाची नव्हतीच. शुगोरो यामामोतोच्या कथेवरून कुरोसावानं आधीच एक पटकथा लिहून ठेवली होती, आणि तिचा नायक तलवारीत कच्चा होता. ‘योजिंबो’ चालल्यावर तीच बाहेर काढून रयुझो किकुशिमा आणि हिदेओ ओगुनी यांच्यासोबत मिफुनेच्या मापानं पुन्हा बेतली. म्हणून इथे तलवारीपेक्षा डोकं जास्त चालतं. कॅमेलियाच्या फुलांचा डाव आठवा. वाड्यातून वाहणाऱ्या ओहोळात फुलं सोडली की शेजारी दबा धरलेल्या पोरांनी हल्ला करायचा. सांजुरो पकडला जातो, बांधला जातो, आणि तरी घाबरलेल्या अधिकाऱ्यांना पटवतो की पांढरी फुलं म्हणजे हल्ला रद्द. तेच बिचारे धावत जाऊन स्वतःच्या हातानं फुलं पाण्यात टाकतात!

ती फुलं रंगीत दिसावीत असं कुरोसावाच्या मनात होतं, पण कृष्णधवल सिनेमात तेव्हा जमलं नाही. पुढच्याच वर्षी ‘हाय अँड लो’मध्ये त्यानं गुलाबी धूर दाखवून हौस भागवली.

नवखी (बेळगाव)
मुलगा चौदा वर्षांचा, ॲनिमेवेडा. त्याला बसवला तर पहिली वीस मिनिटं “फाइट कधी?” चालू होतं. मग काकूंनी नाव विचारल्यावर हा बाहेरच्या कॅमेलियाकडे बघून “त्सुबाकी सांजुरो, पण चाळिशीला आलोय” म्हणतो (त्सुबाकी म्हणजे कॅमेलिया, सांजुरो म्हणजे तिशीतला), तिथे तो फस्सकन हसला. शेवट बघून म्हणाला, “आई, एवढाच?” आणि लगेच मागे घेऊन पुन्हा लावला. २००७चा योशिमित्सु मोरिताचा रंगीत रीमेक बघू का? पटकथा तीच आहे म्हणतात.

रोखठोक (नाशिक)
नवखी, बघा, फुलं लालपांढरी दिसतील एवढी सोय आहे. पण मिफुनेच्या जागी दुसऱ्या कोणाला मान झटकताना बघायची मला तरी इच्छा होत नाही. कात्सुओ, तुमचा “वाहवा”चा मुद्दा घेतला. शिमुराचा राग कायम.

पाचवी रांग (मुंबई)
काकांना सगळे विसरलात! ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो कारभारी शेवटी एकदाचा दिसतो, आणि युनोसुके इतोचा तो लांबच लांब चेहरा. स्वतःच सांगतो की मी घोड्यावर बसलो होतो तेव्हा कोणीतरी म्हणालं, स्वारापेक्षा घोड्याचंच तोंड गोल आहे. शेजारी बसलेल्या माझ्या मामांनी, ज्यांना आख्खं आजोळ ‘घोडमुखे’ म्हणतं, एवढ्या मोठ्यानं टाळी दिली की पुढच्या रांगेतल्या बाई दचकून वळल्या.