गीता वाचताना भाष्यकार हवेत की नकोत?

गोदाकाठ:
पंचवटीतल्या आमच्या गीतावर्गात पाचव्या अध्यायावरून दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, मूळ ७०० श्लोक अन्वयासह, म्हणजे शब्दांचा सरळ क्रम लावून, वाचा, भाष्यकार आपापला संप्रदाय घुसवतात. मला हे अजिबात पटत नाही. ५.२ बघा. संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणाचे, पण कर्मसंन्यासाहून कर्मयोग श्रेष्ठ, असं भगवंत म्हणतात. मग चौथ्यात सगळं कर्म ज्ञानात संपतं असं का म्हटलं? नुसता अन्वय लावणाऱ्याला ही गाठ दिसतसुद्धा नाही. शंकराचार्य आधी शंका मांडतात, मग उत्तर देतात.

सातपूरकर:
गाठ दिसली, पण सोडवली कशी? आचार्य म्हणतात, इथला संन्यास 'केवळ', म्हणजे ज्ञानाशिवायचा. त्याहून कर्मयोग बरा, आणि ही त्याची स्तुती. श्लोकात अशी अट कुठाय? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली आलेल्या गीतारहस्यात टिळकांनी याच ओढाताणीवर बोट ठेवलंय. रामानुजाचार्य तर इथे ज्ञानयोगाहून कर्मयोग वरचढ ठरवतात. नवख्याने कुणाचं धरायचं?

गोदाकाठ:
टिळकांनाही आचार्यांशी वाद घालूनच पुढे जावं लागलं ना? आचार्यांचा मुद्दा साधा नाही. आत्मा अकर्ता आहे हे ज्याला उमगलं, त्याला 'मी करतो' म्हणून कर्मयोग करताच येत नाही. मग त्याच्या बाबतीत तुलना कशाची? आधी हे खोडा, मग ओढाताण म्हणा.

त्र्यंबकची वाट:
दोघांनीही ज्ञानेश्वरी उघडा हो. याच श्लोकावर माउली म्हणतात: 'तरी जाणां नेणां सकळां । हा कर्मयोगु कीर प्रांजळा । जैसी नाव स्त्रियां बाळां । तोयतरणीं ॥' आचार्यांनी ही तुलना अज्ञान्यापुरती ठेवली; माउलींनी जाणत्यालाही त्याच नावेत बसवलं. आणि हेच माउली अठराव्यात 'भाष्यकारांतें वाट पुसतु' म्हणतात. वाट आचार्यांना विचारली, चालले आपल्या पायांनी. आम्ही पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीतून जातो, तिथे अक्षरओळख नसलेल्यांनाही ज्ञानेश्वरीतल्या ओव्या पाठ असतात. त्यांना टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, नको म्हणाल, तर गीता त्यांच्यापर्यंत पोचणार कशी?

सातपूरकर:
ओवी बिनतोड आहे, आणि ती माझ्याच बाजूची आहे. माउलींनी भाष्याचा मान राखून श्लोकाचं ऐकलं. आपल्या वर्गात उलट चालतं. श्लोक वाचून व्हायच्या आत कुणीतरी 'आचार्य म्हणतात' सुरू करतं, की बाकीचे वह्या उघडून लिहायला लागतात. प्रश्न कुणी विचारतच नाही. निदान एक बैठक फक्त श्लोकाला द्या.

गोदाकाठ:
एक बैठक दिली. पुढच्या बैठकीत मात्र शांकरभाष्य आणि ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून वाचायची, सारांशावर भागवायचं नाही.

सातपूरकर:
कबूल. सहाव्याचा पहिलाच श्लोक फळाची आशा न धरता कर्म करणाऱ्याला संन्यासी म्हणतो, आणि आचार्य तिथेही स्तुतीच म्हणतात. त्या दिवशी मी भांडणार आहे.