ऑफिसच्या डब्यात काय नेता?

जळगावकर: मंडळी, उन्हाळ्यात डब्यातली भाजी दुपारपर्यंत आंबते अन कॅन्टीनला रोज तीच बटाट्याची भाजी, तुम्ही काय नेता?

धुळेवाला: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. बस झालं भो. अन गरम भाजीवर लगेच झाकण लावतोस का? मग आंबणारच, आधी गार होऊ दे

भुसावळची सून: आमच्याकडे शेवभाजी नेतात पण शेव वेगळ्या डबीत, जेवायच्या वेळी रस्स्यात टाकायची नाहीतर पार लगदा होतो. हिवाळ्यात मात्र बामणोद गावच्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात घालून, मग अख्खं ऑफिस आपल्याच टेबलावर!

जळगावकर: शेव वेगळी, हे बेस्ट. पण रस्सा बॅगेत सांडला तर?

धुळेवाला: म्हणून तर ठेचा म्हटलं