लटकी प्रोसिजर: हृदयरोगाच्या संशोधनात ती हवी की नको?

आडवाट

बाबांना स्टेंट बसला त्याला दोन वर्षं झाली. जिना चढताना छातीत भरून यायचं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचं. हार्ट अटॅक नव्हता. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी बरीच अरुंद दिसली आणि बाबा टेबलावर असतानाच डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ का?" आम्ही हो म्हणालो. त्या क्षणी नाही कोण म्हणणार?

महिन्याभरात बाबा न थांबता जिना चढायला लागले. स्टेंटने जीव वाचवला, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होते. मग या विषयावर वाचायला लागले आणि माझ्या त्या वाक्याला आधार नाही हे लक्षात आलं.

२००७ साली 'करेज' नावाचा अभ्यास आला. स्थिर अंजायना (श्रम केले की छातीत दुखणं, थांबलं की जाणं) असलेल्या २,२८७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला चांगली औषधं आणि स्टेंट, दुसऱ्याला नुसती चांगली औषधं. मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत फरक पडला नाही. पुढे 'इस्केमिया' हा त्याहून मोठा अभ्यास झाला, ३७ देश, ५,१७९ रुग्ण. २०२० साली निष्कर्ष छापून आले तेव्हा दोन गटांतल्या मृत्यूंचे आकडे होते १४५ आणि १४४. एवढे जवळ.

मग लोक म्हणू लागले, ठीक आहे, आयुष्य वाढत नसेल, पण दुखणं तर कमी होतं ना? ते तपासायला लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या डॉ. रशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं, त्यासाठी हा धागा काढलाय. 'ऑर्बिटा' अभ्यासात एकाच नळीत मोठा अडथळा असलेले २०० रुग्ण होते. आधी सहा आठवडे औषधं नीट बसवून घेतली. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी आणि स्टेंट करतात त्या खोलीत) नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन लावले, रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. निम्म्यांना स्टेंट बसवला. उरलेल्यांना काहीच बसवलं नाही, नुसतं निदान पंधरा मिनिटं तसंच झोपवून ठेवलं. इंग्रजीत याला शॅम प्रोसिजर म्हणतात, मी लटकी प्रोसिजर म्हणते. वॉर्डात सांभाळणाऱ्यांनाही कोणाला काय झालं ते माहीत नव्हतं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. स्टेंटवाल्यांची चालण्याची वेळ काही न बसवलेल्यांपेक्षा सरासरी १६.६ सेकंदांनी जास्त वाढली, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

माझं मत सरळ आहे. दुखणं किंवा दम कमी होतो या दाव्यावर हृदयात काही बसवायचं, जाळायचं, बांधायचं असेल, तर ते सर्रास सुरू होण्याआधी अशी लटक्या प्रोसिजरशी तुलना सक्तीची हवी. हृदयाची अरुंद नळी आतून उघडायला ग्रुएंट्झिग या डॉक्टरने झुरिकमध्ये पहिला फुगा फुगवला सप्टेंबर १९७७ मध्ये, स्टेंट त्यानंतर आले. हा साधा प्रश्न नीट विचारायला चाळीस वर्षं लागली. ते मला अजूनही पचत नाही.

पहाटवारा

तुमच्या बाबांना बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण मताशी पूर्ण असहमत.

आजारी माणसाच्या शरीरात नळी घालायची, त्याला गुंगी द्यायची, आणि उपचार करायचा नाही. याला कितीही शास्त्रीय नाव द्या, ते माझ्या मनाला पटत नाही. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात तेव्हा त्या गोळीने इजा होत नाही. इथे होते. 'ऑर्बिटा'चाच तपशील बघा: लटक्या गटातल्या चार जणांना, नळीतला दाब मोजायला जी तार आत घालतात, तिच्यामुळे इजा झाली आणि त्यांना स्टेंट घालावाच लागला. मोठा रक्तस्राव पाच जणांना झाला, त्यातले तीन लटक्या गटातले. त्या माणसांच्या वाट्याला काय आलं?

डॉक्टरसमोर आपण शर्ट काढून झोपतो ते, हा माणूस जे करेल ते माझ्यासाठी करेल, या विश्वासावर. तो एकदा हलला की कुठल्याही आकड्याने परत येत नाही.

हिशेबनीस

पहाटवारा, साखरेच्या गोळीने इजा होत नाही हे खरं. पण मग प्रोसिजरची फसवी परिणामकारकता मोजायची कशाने? गोळीपेक्षा सुईचा, सुईपेक्षा टेबलाचा आणि मशीनचा मनावर होणारा परिणाम फार मोठा असतो. तो वजा केल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

१९५० च्या दशकात अंजायनावर एक ऑपरेशन जोरात होतं. छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल. रुग्णांना आराम पडत होता, सर्जन समाधानी होते. १९५९ साली सिॲटलमध्ये कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. काहींच्या वाहिन्या बांधल्या, काहींना नुसती कातडीवर चीर दिली. आराम दोघांनाही सारखाच. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने १८ रुग्णांवर तेच पाहिलं, आणि ते ऑपरेशन मागे पडलं. पस्तीस माणसांनी किती जणांच्या छातीवरची चीर वाचवली असेल, याचा विचार करा.

अलीकडचं उदाहरण रक्तदाबाचं. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीभोवतीच्या नसा आतून जाळायच्या. २०१० च्या अभ्यासात वरचा दाब सहा महिन्यांत ३२ ने उतरला होता, पण तिथे कोणाचे डोळे झाकलेले नव्हते, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळाला ते सगळ्यांना माहीत होतं. २०१४ मध्ये ५३५ रुग्णांवर लटक्या प्रोसिजरशी तुलना झाली. खरी प्रोसिजर १४, लटकी जवळपास १२. त्या धक्क्यानंतर यंत्रं सुधारली, रुग्णांची निवड सुधारली, आणि पुढच्या अभ्यासांत, तेही लटक्या प्रोसिजरशी तुलना करूनच, छोटा पण खरा फायदा दिसला. मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. अशी चाचणी उपचार मारत नाही, त्याला खरं रूप देते.

पहाटवारा

१९५९ चं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून विचारतो. त्या १७ जणांना सांगितलं होतं का, की तुमच्यातल्या काहींना नुसतीच चीर देणार? नव्हतं सांगितलं. ऑपरेशनची पारख चालू आहे एवढंच त्यांना माहीत होतं. पस्तीस जणांनी इतरांची चीर वाचवली म्हणता, पण त्यांना कोणी विचारलं होतं?

सिस्टर

मी कॅथलॅबमध्ये काम करते, अकरा वर्षं झाली. दोन्हीकडचं वाचून लिहावंसं वाटलं.

टेबलावर माणूस आडवा झाला की आधी थंडी वाजते. खोली गार असते आणि अंगावर फक्त निळं कापड. मनगटात भूल देताना बहुतेक जण तोंड दुसरीकडे वळवतात. मग वरचं एक्स-रेचं यंत्र छातीभोवती फिरायला लागतं, आणि ज्यांना पूर्ण गुंगी दिलेली नसते त्यांचे डोळे स्क्रीनवर खिळतात. नळीत औषध सोडलं की झाडाच्या फांद्या दिसाव्यात तशा धमन्या उमटतात आणि एका ठिकाणी फांदी चिमटल्यासारखी दिसते. फुगा फुगवला, स्टेंट उघडला, परत औषध सोडलं, की ती जागा सरळ, गुळगुळीत. रुग्ण ते बघतो, डॉक्टर बघतात, मीही बघते. त्यानंतर "फायदा झाला नसेल" हे वाक्य डोक्यात शिरतच नाही. मी 'ऑर्बिटा' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, खरंच. नंतर कळलं, की राग त्या चित्रामुळे आला होता.

तरीही 'सक्ती' हा शब्द मला नको. कारण सांगते. गेल्या वर्षी एक काका पहाटे छातीत दुखायला लागल्यावर सहा तास घरीच थांबले. स्टेंटचा काही उपयोग नसतो असं कुठेतरी वाचलं होतं म्हणाले. तो चालू हार्ट अटॅक होता, नळी पूर्ण बंद. तिथे एकेक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि नळी उघडणं हाच उपचार. ते वाचले, पण हृदयाची ताकद कायमची कमी झाली. वर धाग्यात 'स्थिर अंजायना' हे दोन शब्द एकदाच आलेत. ते ठळक लिहा, ही विनंती. हार्ट अटॅकमध्ये लटक्या प्रोसिजरचा विचारही कोणी करू नये.

रानजाई

मी स्वतः अंजायनाची रुग्ण, त्यामुळे आकडे बाजूला ठेवून बोलते.

'ऑर्बिटा'त सगळ्यांना आधी भरपूर औषधं दिली होती. मला बीटा ब्लॉकरने दिवसभर अंगात जीव नसल्यासारखं व्हायचं, नायट्रेटने डोकं असं दुखायचं की दुपारी अंधार करून पडावं लागायचं. त्या औषधांवर ट्रेडमिलची सेकंदं वाढली नाहीत म्हणून स्टेंट निरुपयोगी, हा निष्कर्ष माझ्यासारखीला कसा लागू होईल?

आणि त्याच लोकांनी पुढे हेच तपासलं. 'ऑर्बिटा-२', २०२३, ३०१ रुग्ण. या वेळी अंजायनाची औषधं थांबवून. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांतले ४० टक्के लोक दुखण्यातून पूर्ण मोकळे होते, लटक्या गटातले १५ टक्के. म्हणजे फरक पडतो. धागाकर्तीने पहिला अभ्यास एवढा रंगवून सांगितला आणि दुसरा सांगितलाच नाही, हे मला खटकलं.

आडवाट

रानजाई, मान्य. तो अभ्यास मला माहीत होता आणि सुरुवातीलाच लिहायला हवा होता. सिस्टर, तुमचं म्हणणंही मान्य: मी लिहिलेलं सगळं फक्त स्थिर अंजायनाबद्दल आहे. डाव्या बाजूच्या मुख्य नळीतच अडथळा असलेले रुग्ण 'इस्केमिया'त घेतले नव्हते, त्यांनाही हे लागू नाही. छातीत दुखणं थांबत नसेल तर वाचत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पण रानजाई, स्टेंटने तुमच्यासारख्यांचं दुखणं खरोखर कमी होतं, हे आज छातीठोकपणे सांगता येतं ते त्या १५ टक्क्यांमुळेच ना? लटका गट नसता तर ४० चा आकडा एकटा काय सांगणार होता? आणि स्टेंट बसवूनही निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं पूर्ण गेलं नाही, हेही त्यातच कळलं. हे मला बाबांच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटवारा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. १९५९ ला जे झालं ते चूक होतं. आजच्या अभ्यासांत रुग्णाला आधीच सांगतात, की तुला काहीच न बसवण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तो सही करतो. 'ऑर्बिटा'तल्या लटक्या गटाला सहा आठवड्यांनी सगळं उघड करून स्टेंटची मुभा दिली आणि बहुतेकांनी तो घेतला. याला मी फसवणूक म्हणू शकत नाही. फसवणूक कुठे होते सांगू? रुग्णाला वाटतं स्टेंटने अटॅक टळला, आणि तो गैरसमज कोणी दूर करत नाही. अटॅक बऱ्याचदा अशा जागी येतो जिथे नळी फारशी अरुंदही नसते, तिथला चरबीचा थर फाटतो आणि वर गुठळी धरते. स्टेंट एका जागी असतो, आजार सगळ्या नळ्यांत. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेणं आणि सिगारेट सोडणं यांचं मोल जास्त. माझे बाबा स्टेंटनंतर सहा महिन्यांनी स्टॅटिन बंद करून बसले होते, "आता नळी मोकळी आहे" म्हणून.

पहाटवारा

सही करणारा माणूस घाबरलेला असतो, हे विसरू नका. कॅथलॅबच्या दारात घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही. तुमच्याच घरी काय झालं? बाबा आत, तुम्ही बाहेर, आणि 'हो' म्हणालात.

तरी तुमच्या बाबांच्या स्टॅटिनची गोष्ट वाचून थोडा थांबलो. माझ्या भावानेही नेमकं हेच केलंय. आज रात्री त्याला फोन करतो.

लटक्या प्रोसिजरबद्दल माझी अट एवढीच: आधी निदान आठवडाभराचा अवधी, घरच्यांसमोर समजावणं, आणि इजा झाली तर पुढचा सगळा उपचार अभ्यास करणाऱ्यांकडे. हे जिथे होणार असेल तिथे मी विरोध करणार नाही. सक्तीला मात्र अजूनही विरोध आहे.

सिस्टर

पहाटवारा, भावाला सांगा, गोळ्या पुन्हा सुरू करायच्या आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलायला. आणि रक्त पातळ करणारीही बंद केली आहे का ते आजच विचारा. स्टेंट बसून किती महिने झालेत?