शब्दचर्चा: गुरुत्व लहरी, गुरुत्वीय लहरी की गुरुत्वाकर्षण तरंग?

शब्दखूण

ही दोन वाक्यं घ्या. 'वातावरणातील गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारं उपकरण अवकाश स्थानकावर बसवलं.' आणि 'गुरुत्वीय लहरींमुळे हॉकिंग यांच्या प्रमेयाला दुजोरा.' शब्द तोच, पण वस्तूही तीच आहे का? शिवाय कुणी 'गुरुत्व' लिहितं, कुणी 'गुरुत्वाकर्षण', कुणी 'तरंग'. काय कशासाठी राखून ठेवावं?

दोलक

वस्तू तीच नाही. पहिल्या वाक्यातला शब्द चुकला आहे. मूळ इंग्रजीत 'ग्रॅव्हिटी वेव्ह' आणि 'ग्रॅव्हिटेशनल वेव्ह' या दोन स्वतंत्र संज्ञा आहेत आणि भाषांतरात त्या एकमेकींत मिसळतात.

ग्रॅव्हिटी वेव्ह ही हवेतली किंवा पाण्यातली. वारा डोंगर ओलांडताना हवेचा थर वर ढकलला जातो. वरच्या विरळ हवेत तो जड ठरतो, म्हणून खाली येतो. येताना वेगात मूळ पातळीच्याही खाली जातो, तिथे भोवतालच्या हवेपेक्षा हलका ठरून पुन्हा वर येतो. हा झोका पुढे पसरत जातो आणि आकाशात ढगांचे समांतर पट्टे दिसतात. एका झोक्याला काही मिनिटं ते काही तास लागतात. समुद्राची साधी लाट याच जातीची. नोव्हेंबर 2023 मध्ये अवकाश स्थानकाकडे गेलेलं नासाचं 'ऑ' (AWE) हे उपकरण सुमारे 87 किमी उंचीवरच्या हवेच्या मंद प्रकाशात हेच पट्टे पाहण्यासाठी बनवलेलं.

ग्रॅव्हिटेशनल वेव्हला माध्यम लागत नाही. तिच्यात अवकाश-काल, म्हणजे अवकाश आणि काळ यांची एकत्र चौकटच, एका दिशेला ताणला जातो आणि काटकोनातल्या दिशेला दाबला जातो. वेग प्रकाशाचा. पहिली थेट नोंद 14 सप्टेंबर 2015 ची: अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या लिव्हिंग्स्टन केंद्रावर आधी, हॅनफर्ड केंद्रावर सुमारे 7 मिलिसेकंदांनी.

म्हणून या दुसरीला 'गुरुत्वीय लहरी', पहिलीला 'गुरुत्व लहरी'. मूळ शब्द समोर नसेल तर मजकुरात वेग शोधा. सेकंदाला काही मीटर ते काहीशे मीटर असेल तर हवा-पाणी, प्रकाशाचा वेग असेल तर अवकाश-काल.

खडूफळा

फरक बरोबर, तोडगा कच्चा. 'गुरुत्व' आणि 'गुरुत्वीय' यांत जेमतेम एका प्रत्ययाचं अंतर. मुद्रितशोधक तो 'दुरुस्त' करून टाकेल आणि वाचकाला पत्ताही लागणार नाही. माध्यमाचं नाव जोडलंच पाहिजे: 'हवेतल्या गुरुत्व लहरी', 'पाण्यातल्या गुरुत्व लहरी'. नवा शब्द घडवायची गरज नाही.

'गुरुत्वाकर्षण लहरी' चूक म्हणणार नाही, पण त्यातलं 'आकर्षण' दिशाभूल करतं. ही लहर काही स्वतःकडे खेचत नाही. 'गुरुत्वाकर्षणीय' तर उच्चारतानाच दम लागतो.

दोलक

माध्यम जोडण्याचं मान्य. किंबहुना एका वाक्यात दोन्ही आल्या तर त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या खरोखरच एकत्र येतात. समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत बारीक थरथरत असते, साधारण 0.1 ते 0.3 हर्ट्झच्या आसपास. वादळी दिवसांत ही थरथर इतकी वाढते की लायगोचे आरसे जागच्या जागी धरून ठेवणं कठीण होतं. म्हणजे पाण्यातल्या गुरुत्व लहरी गुरुत्वीय लहरींच्या नोंदीत खोडा घालतात! हे वाक्य दोन्हीकडे एकच शब्द वापरून लिहून पाहा.

औंढेकर

हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय (एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटींची मंजुरी दिली), म्हणजे हे शब्द आता पाट्यांवर येणार. लहर, तरंग की लाट?

खडूफळा

तिन्ही मराठीच, पण सवय पाहा. ध्वनिलहरी, रेडिओ लहरी, मात्र तरंगलांबी. 'लाट' उष्णतेची, साथीची, समुद्राची. तिच्यात लोंढा आहे, म्हणून इथे नको. 'तरंग' चालेल, फक्त मराठीत तो पुल्लिंगी आहे: तो तरंग आला, ते तरंग आले. 'तरंग आली' ही हिंदीची सावली. पाटीवर 'गुरुत्वीय लहरी वेधशाळा' लिहावं. 'लहरी' म्हणजे मनमौजी हा अर्थ शेजारी डोकावतो खरा, पण 'ध्वनिलहरी' वाचताना कुणी हसत नाही.

'वेधशाळा' मुद्दाम. 'शोध' या शब्दावर तीन ओझी आहेत: शोध घेणे, शोध लागणे, शोध लावणे. उपकरणाने लहर टिपली तर 'नोंद झाली' किंवा 'वेध घेतला' म्हणा. 2015 नंतर दर वेळी 'गुरुत्वीय लहरींचा शोध लागला' असं लिहिलं जातं. शोध एकदाच लागला, पुढच्या सगळ्या नोंदी.

शब्दखूण

'स्ट्रेन'साठी 'विकृती' लिहावं का?

खडूफळा

अभियांत्रिकीच्या पुस्तकात हो: स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, स्ट्रेन म्हणजे विकृती. बातमीत मात्र नको, 'वेधशाळेत विकृती आढळली' याचा भलताच अर्थ निघेल. 'ताण'ही नको, तो शब्द बलाकडे झुकतो. सरळ 'लांबीतला सापेक्ष बदल' म्हणा आणि आकडा द्या. 2015 च्या नोंदीत तो कमाल 10⁻²¹ होता. लायगोची भुजा (लेसर किरण ज्या सरळ नळीतून आरशापर्यंत जातो ती) 4 किमी लांब, गुणाकार केला की 4×10⁻¹⁸ मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पट लहान. इथे नेहमीची चूक म्हणजे उणे चिन्ह गळणं. घातांक छापता येत नसेल तर 'दहाचा उणे एकविसावा घात' असं अक्षरी लिहा.

शब्दखूण

आणि अशा संकेताला इंग्रजीत म्हणतात तो 'चर्प'? 'कृष्णविवरांचा आवाज ऐकू आला' हे चालतं का?

दोलक

आवाज नव्हे. 2015 च्या संकेताची वारंवारता साधारण 0.2 सेकंदात 35 वरून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. हा पल्ला कानाच्या टप्प्यात येतो, म्हणून नोंद स्पीकरवर वाजवता येते, एवढंच. 'संकेताचं ध्वनीत रूपांतर केलं' असं लिहा. चर्पला 'चिवचिवाट' नको: चिवचिवाट पुष्कळ चिमण्यांचा आणि सपाट, इथे मुख्य गोष्ट आहे स्वर चढत जाणं. 'चढता स्वर' पुरेसा.

याच्या उलट टोकाला जून 2023 ची, स्पंदक ताऱ्यांवरून (नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांवरून) मिळालेली गुरुत्वीय लहरींची चाहूल. तिच्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही आहेत. तिथे एकेका झोक्याला वर्षं लागतात. तिला इंग्रजीत 'बॅकग्राउंड' म्हणतात, त्याचं भाषांतर 'पार्श्वभूमीचा गोंगाट' असं होतं, ते साफ चूक. उपकरणातला आणि जमिनीतला नको असलेला भाग तो गोंगाट. ही तर हवी असलेली गोष्ट, अनेक लहरींची एकत्र सरमिसळ. 'गुरुत्वीय लहरींची पार्श्वभूमी' एवढंच लिहा, रूपक हवंच असेल तर 'घुमारा'.

औंढेकर

'घुमारा' पटला. मग 'हॉकिंग यांच्या प्रमेयाला दुजोरा' मध्ये कृष्णविवराचा 'आकार वाढला' म्हणतात ते?

खडूफळा

'क्षेत्रफळ'. कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटत नाही, हेच ते प्रमेय. 14 जानेवारी 2025 च्या नोंदीत दोन विवरांच्या पृष्ठभागाचं एकत्रित क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 40 हजार चौ. किमी होतं, विलीन झाल्यावर सुमारे 4 लाख. वस्तुमान मात्र लहरींवाटे घटलं. 'आकार' लिहिलं की ही गंमतच हातची जाते.