सहावीतल्या पोरांच्या हातात रंधा?

पाटावरवंटा:
आमचा धाकटा सहावीत आहे. परवा दप्तरमुक्त दिवशी वर्गाला एका सुताराकडे नेलं होतं. बोटात लाकडाची सळ घेऊन घरी आला आणि जेवताना रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड कसं उपटतं, तेच सांगत बसला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी असे १० दिवस सुचवलेत. मला ते कमीच वाटतात. तुमचं काय मत?

खडूफळा:
मी शिकवते, म्हणून बोलते. गेल्या वर्षी कुंभारदादांना बोलावलं. ४२ पोरं, चाक एक! निम्म्यांचा नंबर लागेस्तोवर मधली सुट्टी झाली. फोटो मात्र झकास आले, आणि वरून मागणी तेवढीच होती.

काळीमाती:
माझा सरळ विरोध. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) मद्रास राज्यात हेच आणलं होतं. अर्धा वेळ शाळा, उरलेल्या वेळेत आईबापाचा धंदा. लोकांनी त्याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण म्हटलं आणि वर्षभरात हाणून पाडलं. माझे आजोबा चामड्याचं काम करायचे. वडिलांना शाळेत घातलं ते हातात चामडं कापायची रापी येऊ नये म्हणून. आता शाळाच रापी देणार?

पाटावरवंटा:
अहो, राजाजींची योजना बापाचाच धंदा गळ्यात मारत होती. इथे तसं कुठे आहे?

काळीमाती:
कागदावर नाही. पण महागड्या शाळेत रोबोटिक्स आणि आश्रमशाळेत शिवणयंत्र, हे वाटप कोण करतं ते सांगा.

ठिणगी:
पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं कुणी बोललंच नाही. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माझ्या शाळेत होता. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही करायचे. पहिल्यांदा वेल्डिंग करताना माझा रॉड पत्र्याला चिकटून बसला. मी घाबरून होल्डर सोडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "झटका दे, वाकडा कर." सुटला. आज मी बँकेत आहे, वेल्डर झाले नाही. पण घरातलं फ्यूज उडालं तर कुणाची वाट बघत नाही. आमच्या वर्गातली मुलं पोषणाच्या तासाला चपात्या लाटायची, त्यांच्या आयांना ते जास्त खटकायचं!

काळीमाती:
चारही सगळ्यांनी, याला माझी ना नाही. महागड्या शाळेतली पोरंही गोठ्यात उतरली पाहिजेत. तोवर मी विरोधातच.

खडूफळा:
उतरतील हो, पण दहावीच्या वर्षी तो तास गणिताला जाणार. पालकच येऊन मागतात. पाटावरवंटा, सळ निघाली का?

पाटावरवंटा:
निघाली. आणि दहावीला तो तास मीही मागेन बहुतेक, खोटं कशाला बोलू.