डोकं दुखणं नक्की कुठलं? पित्त, सायनस की मायग्रेन?

झोपाळू_मांजर:
चार-पाच वर्षं झाली, महिन्यातनं दोन-तीनदा डोकं उठतं, उजवी बाजू ठणकते, मळमळतं, उजेड नको होतो आणि उलटी झाली की जरा हलकं वाटतं म्हणून घरात सगळे म्हणतात पित्त. काकू म्हणते सायनस. ऑफिसातली मैत्रीण म्हणते मायग्रेन. आता तर एक दिवसाआड दुखतंय. एमआरआय करावा का?

चहाबाज:
बायकोचं सेम होतं, दहा वर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या तिने :( शेवटी न्यूरोलॉजिस्टने नुसते प्रश्न विचारून अर्धशिशी सांगितली, स्कॅन वगैरे काही नाही. चतुर्थीच्या उपवासाला हमखास उठायचं.

वात्रट_वैद्य:
यासाठी इंटरनॅशनल हेडेक सोसायटीचं वर्गीकरण आहे, पहिलं १९८८ चं, सध्याचं तिसरं २०१८ चं. ढोबळ बघायचं तर एक, दुखणं हाच आजार (मायग्रेन, टेन्शन टाइप, क्लस्टर) आणि दुसरं, मागे वेगळंच कारण असलेलं. मायग्रेन औषध न घेता ४ ते ७२ तास चालतं, बहुतेकदा एका बाजूला, ठणका, जिना चढलं तरी वाढतं, सोबत मळमळ नाहीतर उजेड-आवाज दोन्ही सहन न होणं, आणि असे कमीत कमी पाच अटॅक झालेले हवेत. टेन्शनवालं दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं, पण माणूस काम करत राहतो. क्लस्टर म्हणजे डोळ्यामागे भयंकर कळ, १५ मिनिटं ते ३ तास, त्याच डोळ्यातून पाणी, आणि माणूस पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. त्या यादीत आइस्क्रीमने दुखणारं आणि घट्ट हेल्मेटने दुखणारंसुद्धा आहे, पुणेकरांनी लगेच खुश होऊ नये.
सायनसचं म्हणून येणारी बरीच डोकी मायग्रेनचीच निघतात.
पण एक दिवसाआड झालंय म्हणताय, मग गोळ्या किती घेता?

झोपाळू_मांजर:
दुखलं की एक. कॅफीनवाली, मेडिकलमधनं आणते. का?

वात्रट_वैद्य:
तसल्या मिक्स गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त घेतल्या आणि महिन्यातले १५ दिवस डोकं दुखत असेल तर गोळीनेच दुखणारं डोकं हा वेगळा प्रकार आहे. साधी पॅरासिटामॉल असेल तर १५ दिवस. कॅलेंडरवर दुखलेला दिवस आणि गोळी लिहा, तेच घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. आणि एकदम मिनिटभरात कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळा पडला, तर इथे विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी.

झोपाळू_मांजर:
पर्स उपसली. रिकाम्या पाकिटांवरून गेल्या महिन्यात १७ गोळ्या. आईला नाही सांगत अजून.