1942-46 च्या काळातली कोल्हापूरची कादंबरी: वळिवडे कॅम्प, मराठा पलटण आणि पत्रं यांचा मेळ कसा बसवावा?

उचगावकर
कादंबरीचा आराखडा तयार आहे. नायिका उचगावची शेतकरी घरातली. नवरा मराठा पलटणीत, आणि ती वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात दूध घालायला जाते. तिथल्या एका पोलिश बाईशी मैत्री होते. तिचाही नवरा लढाईवर. तीन ठिकाणी अडलंय. नवऱ्याला कुठल्या आघाडीवर ठेवू? पत्रांतून प्रेम कसं दाखवू? आणि धाकटा दीर बेचाळीसच्या चळवळीत आहे, तो ठेवू की काढू?

जुनी_पलटण
नुसतं "मराठा पलटण" लिहून भागणार नाही, बटालियन ठरवा. बाकीच्या निम्म्या गोष्टी तीच ठरवेल. 2/5 मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन) घेतलीत तर ती उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला होती. 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं, म्हणजे नवरा इटलीत कैदी आणि सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर बहुधा जर्मनीत. 4/5 घेतलीत तर मार्च 1944 ला मणिपुरात सांगशकची लढाई, समोर जपानी.

तुमच्या कथेला 1/5 हवी. ती आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. 11 मे 1944 च्या रात्री ही डिव्हिजन इटलीत कॅसिनोजवळ गारी नदीवर हल्ल्यात उतरली (पुस्तकांत हिला बऱ्याचदा रॅपिडोच म्हटलंय). त्याच हल्ल्यात जनरल अँडर्सची पोलिश कोअर (मोठं सैन्यदल) कॅसिनोच्या ख्रिस्ती मठाच्या डोंगरावर चढत होती, 18 मे ला मठ त्यांच्या हाती आला. वळिवड्यातल्या बऱ्याच बायकांचे नवरे, भाऊ याच कोअरमध्ये. म्हणजे उचगावच्या बाईचा नवरा आणि तिच्या मैत्रिणीचा नवरा काही मैलांच्या अंतरावर लढताहेत आणि दोघींना त्याचा पत्ताच नाही. पत्रात ठिकाण लिहायला बंदी होती ना! कादंबरीचा कणा तिथंच आहे, योगायोग मुद्दाम घडवायची गरज नाही.

एक विनंती, नायकाला पदक देऊ नका. सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच 1/5 चे. त्यांच्या शेजारी काल्पनिक शूरवीर उभा केला की तो खोटा वाटतो.

कागदपत्री
पत्रांबद्दल. सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे नवरा थेट बायकोला "प्रिये" लिहितो. त्या काळी शेतकरी घरात पत्र वडिलांच्या नावे यायचं. "तीर्थरूप आबांचे चरणी शि. सा. न. वि. वि." (शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) अशी सुरुवात, मग बैल, पाऊस, पैसे पोचले का, आणि शेवटाला "घरच्या मंडळींनी प्रकृतीस जपावे". बायकोच्या वाट्याला एवढी एकच ओळ, नावही नाही. त्यात वाचणारा शाळामास्तर किंवा पोस्टमन, आणि ऐकायला अख्खं घर. मग ती पत्राचा कागद मागून घेते आणि वाचता येत नसताना ती ओळ कुठं आहे ते मास्तरांना विचारून ठेवते. प्रेम एवढ्यातच भागवा, भाषण नको.

पत्ता फक्त नंबर, नाव, बटालियन आणि फील्ड पोस्ट ऑफिस एवढाच. गावाचं, नदीचं नाव आलं की सेन्सॉर खोडायचा. एअरग्राफही दाखवता येईल. पत्राचा फोटो काढून फिल्म विमानानं पाठवत आणि इकडं छोट्या कागदावर छापून देत. अक्षर बारीक होतं, त्यामुळं मास्तरांना चष्मा द्या.

लिहिताना वहीत दोन रकाने पाडा: घडलं कधी, कळलं कधी. मधे काही आठवडे तरी सोडा. 18 मे ची कॅसिनोची बातमी पेपरात लगेच येईल, माणसाची खुशाली नाही.

पंचगंगेकाठी
कॅम्पाबद्दल एक सांगतो. जामनगरजवळचा बालाचडी कॅम्प मुलांचा, बहुतेक अनाथ. वळिवडे कुटुंबांचा: साधारण पाच हजार माणसं, बायका, मुलं, म्हातारी जास्त, लढण्याच्या वयाचे पुरुष थोडे. 1943 पासून वस्ती. स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना. दोन्ही कॅम्पांची सरमिसळ केलीत तर जाणकार पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटतील.

एक प्रसंग आयता मिळतोय, सोडू नका. 1944 ला चैत्र पौर्णिमा 8 एप्रिलला, म्हणजे जोतिबाची यात्रा, आणि लगेच 9 ला पोलिशांचा ईस्टर. एकीच्या घरी गुलाल उधळलेली माणसं परतताहेत, दुसरीकडं रंगवलेली अंडी. कॅसिनोचा हल्ला महिन्यावर आलाय, पण तो वाचकालाच माहीत असू दे.

दीर ठेवा, भावा! डिसेंबर 1942 चा गारगोटी कचेरीवरचा हल्ला, त्यात सात क्रांतिकारक हुतात्मा झाले. एक मुलगा इंग्रजांचा पगार घेतोय, दुसरा त्यांच्याविरुद्ध भूमिगत. मनिऑर्डर आली की दीर त्या पैशाच्या भाकरीला हात लावणार का? आबांची बाजू कोणती? फक्त दिराला गारगोटीतच मारू नका, घराला त्याचं ओझं पुढची चार वर्षं वाहू दे.

उचगावकर
पलटण 1/5 पक्की. शेवटी एकीचा नवरा मरणार आहे, बहुधा आमच्या नायिकेचा. अस्थी घरी येतात असा प्रसंग लिहिलाय.

जुनी_पलटण
तो काढा. इटलीत पडलेल्या हिंदू जवानांचं दहन तिथंच व्हायचं, आणि त्यांची नावं तिथल्या दहन-स्मारकांवर आहेत. घरी तार येते आणि पुढं पेन्शनची कागदपत्रं. गावातले खरे जवान शोधायचे तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कित्येक नोंदींत बापाचं, बायकोचं, गावाचं नाव मिळतं. फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं असल्यानं एकच गाव तीन-चार तऱ्हांनी शोधावं लागतं.

पोलिश बाईचा नवरा जगला तरी तिचाही शेवट सुखाचा करू नका. 1945 च्या याल्टा परिषदेनंतर पूर्व पोलंड रशियाकडं गेला, परतायला घरच उरलं नाही. कॅम्प 1948 पर्यंत रिकामा झाला आणि तिथं सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आणि निरोपाच्या प्रसंगात कोल्हापूर स्टेशनातून थेट मुंबईची गाडी सोडू नका. मिरजमार्गे पुण्यापर्यंत तेव्हा मीटरगेज होतं, पुण्यात गाडी बदलावी लागायची.